आमच्या घरचा पी.पी. फोन

माझ्या धाकट्या दिराला निवृत्तीनंतर जुन्या फोनचं वेड लागलं. कुणाच्या मागे गुडघेदुखी लागते, कुणाला भजनाचा नाद लागतो. याला वायरचे फोन. पुण्याहून खोडदला कायमचा राहायला आला तो चार खोक्यांत अकरा फोन घेऊन. काळे, लाल, एक हिरवा आणि एक पिवळा पडलेला पांढरा. त्या पिवळ्याला तो हस्तिदंती म्हणतो. आणलाय भंगारवाल्याकडून, पण हस्तिदंती.

बाहेरच्या खोलीत त्याने फळ्या ठोकून घेतल्या. माझ्या लोणच्याच्या बरण्या खाली उतरल्या आणि फोन वर चढले. दर रविवारी नारायणगाव, मंचरकडून त्याच्यासारखेच तिघे-चौघे येतात. साठी उलटलेले पुरुष एका फोनभोवती डोक्याला डोकं लावून बसतात. एक जण डायलमध्ये बोट घालून नऊ फिरवतो आणि सोडतो. डायल कुरकुरत मागे येते. "ऐकलंत?" दीर विचारतो. बाकीचे डोळे मिटून मान डोलावतात. यातल्या एकालाही बायकोची हाक पहिल्या खेपेला ऐकू येत असेल, असं मला वाटत नाही.

दिराचं एक ठरलेलं भाषण आहे. आमच्या शिवारात आभाळाकडे तोंड करून रेडिओ दुर्बिणीच्या अँटेना उभ्या आहेत आणि तिथे मोबाईल बंद ठेवायचा असतो. त्याचा आधार घेऊन तो सांगतो, की वायरचा फोन सभ्य, तो आभाळालासुद्धा त्रास देत नाही. त्याच्यावर माणसं कशी मनापासून बोलायची! हे सगळं तो व्हॉट्सॲपवर टाकतो. मोबाईलवरूनच.

मनापासून म्हणे. हा तेव्हा पुण्यात होता. फोन माझ्या डोक्यावर होता.

आख्ख्या आळीत एकच फोन, आमचा. काळा, जड, वर विणलेला रुमाल. डायलला बारकं कुलूप आणि किल्ली सासूबाईंच्या कमरेला. आळीतल्या सगळ्यांनी आमचा नंबर आपलाच म्हणून पाहुण्यारावळ्यांत वाटलेला. लग्नपत्रिकेवरसुद्धा आमचा नंबर आणि पुढे पी.पी.; म्हणजे फोन शेजारचा, माणूस बोलावून द्यावा लागेल. बोलावणार कोण? थोरली सून. तव्यावरची भाकरी सोडून मी आळीभर पळायची. मग ज्याचा फोन तो हात धुऊन सावकाश यायचा, आमच्या ओसरीवर उभा राहून ओरडून बोलायचा आणि आम्ही घरचे सगळे कान टवकारून ऐकायचो. कुणाच्या मुलीला नांदवत नाहीत, कुणाचा भाऊ वाटणी मागतो, सगळं आम्हाला ठाऊक. याला आता हा दीर जिव्हाळा म्हणतो.

मला तो मोठेपणा आवडायचा, हेही सांगून टाकते. बायका माझ्याशी गोड बोलायच्या. कुणाला पळत जाऊन बोलवायचं आणि कुणाला जरा ताटकळत ठेवायचं, हे मी ठरवायला लागले होते.

समोरच्या घरात एक बाई राहायची, आजही राहते. नवरा अँटेनांच्या आवारात माळीकाम करायचा. तिचं माहेर घोडेगावच्या वर, डोंगरात. त्या गावात फोन नव्हता. भावाला काही कळवायचं झालं तर एसटीने घोडेगावला उतरून बूथ गाठावा लागे. त्यामुळे तिला फोन यायचा तो वर्षातून एखादा.

एका सकाळी आमच्याकडे पाहुणे जेवायला होते. दोनदा आळीत पळून झालं होतं. पुरण शिजत होतं, तेवढ्यात तिसऱ्यांदा घंटी वाजली. मी पिठाच्या हातानेच उचलला. तिचा भाऊ होता.

"ताई, माज्या बहिनीला जरा बोलवता का? अर्जंट हाये."

अर्जंट तर सगळ्यांचंच असायचं. खिडकीतून मला ती दिसत होती. समोर उंबऱ्यावर बसून लसूण सोलत होती. एक हाक मारली असती तरी पुरलं असतं.

"घरी कुणी नाही," मी म्हणाले आणि ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी भाऊ स्वतः आला. आई गेली होती, अग्नीही दिला होता. तेरावं उरकून ती परत आली तेव्हा नळावर तिने मला एवढंच विचारलं, "वैनी, माजा फोन आलता का वो?"

"आला होता. तू मळ्यात होतीस," मी म्हणाले.

"आसंल," ती म्हणाली आणि हंडा उचलून गेली.

त्यानंतर तिने आमचा नंबर कुणाला दिला नाही. हे माझ्या लक्षात आलं होतं, पण मी कुणाकडे बोलले नाही. दर दिवाळीला तिच्याकडे लाडवांचा डबा पाठवत राहिले. डबा रिकामा द्यायचा नाही म्हणून ती त्यात माहेरचे तांदूळ घालून परत करायची. एवढ्यावर मिटलं असं मी धरून चालले होते. दिराला हसण्याचा मला खरं तर काही अधिकार नाही. तो नुसता मूर्ख आहे.

गेल्या रविवारी त्याने माळ्यावरून आमचा तोच काळा फोन काढला. पुसून, तेल घालून, आतल्या खोलीतून वायर ओढून घंटी वाजेल अशी सोय केली आणि आळीतल्या सगळ्यांना बघायला बोलावलं. तीही आली. दिराने आतून घंटी वाजवली.

"काय खणखणीत आहे बघा!" तो बाहेर येत म्हणाला.

"लई मोठी घंटी," ती म्हणाली. "माज्या उंबऱ्यावर आयकू यायची."

चहाचा ट्रे हातात घेऊन मी दारातच थांबले. इतक्या वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. त्या सकाळी तिने घंटी ऐकली होती. ती थांबलेली ऐकली होती. लसूण सोलता सोलता ती माझ्या हाकेची वाट बघत बसली असणार. मला माझीच किळस आली.

"ताई, तुम्ही उचला," दीर तिला म्हणाला. "पूर्वी फोनवर कसं बोलायचे, तसं बोला काहीतरी."

तिने रिसीव्हर पदराने पुसला आणि कानाला लावला.

"घरी कुनी न्हाई," ती म्हणाली आणि लगेच ठेवला.

दीर खूश झाला. "वा! अगदी अस्सल. परत एकदा बोला ताई, व्हिडिओ घेतो," म्हणत त्याने खिशातून मोबाईल काढला.

तिने पुन्हा रिसीव्हर उचलला. या वेळी ती माझ्याकडे बघून बोलली.