आधी झाकण हुंगायचं

आपा गेल्याचा फोन आला तेव्हा मी अमरावतीच्या घरी गॅसवर दूध ठेवत होतो. दीड महिना झाला त्याला. अकोल्याहून त्यांची भाची बोलत होती. "काका, आपा गेल्या..." एवढंच. दूध उतू गेलं तरी मी फोन धरून तसाच उभा.

नसीमआपा आमच्या दर्यापूरकडच्या लोणी गावच्या दूध संकलन केंद्राच्या व्यवस्थापक. आमचा मुलूख कापसाचा. कापूस दगा देऊ लागला त्या वर्षांत ही बाई दारोदार फिरून बायकांना एकेक म्हैस ठेवायला सांगत होती. आधी लोक हसले, मग सकाळी केंद्रापुढे रांग लागू लागली. रांगेतल्या प्रत्येक कॅनचं झाकण आपा उघडायच्या, उलटं करून नाकाशी न्यायच्या आणि मगच दूध पुढे जायचं. मी फॅट तपासणारा, शिकलेला माणूस. मला या प्रकाराचं हसू यायचं.

"आपा, मशीन आहे न आता," मी एकदा म्हणालो.

"मशीनले फॅट समजते बाबू, घर नाही समजत."

फवारणीच्या दिवसांतली गोष्ट. त्या सकाळी आपांना यायला उशीर झाला आणि रांग लांबली, म्हणून मी झाकणांचा सोपस्कार सोडून दिला. गंगाबाईंच्या दुधाला साडेसहा फॅट लागली. मी खूश. कॅन टाकीत ओतणार तोच आपा आल्या. त्यांनी सवयीनं झाकण उचललं आणि जागच्या जागी थिजल्या.

"गंगाबाई, धार कायच्यात काढली?"

"बादली गळून राहिली होती, म्हणून वावरातली घेतली. फवाऱ्याचं औषध कालवाची. पन तीनदा राखेनं घासली वो आपा!"

"घरी दूध ठेवलं?"

"नातीले... तांब्याभर."

आपांनी कॅन बाजूला सारला. "सुधाकर, गाडी काढ," एवढंच म्हणाल्या. मोपेडवर माझ्या मागे बसून त्या सगळी वाट काहीतरी पुटपुटत होत्या. गंगाबाईंच्या घरी पोचलो तेव्हा पोरगी ओट्यावर बसून पेल्यातल्या दुधावर फुंकर घालत होती. आपांनी पेला हिसकून दूध मातीत ओतलं. पोरीनं भोकाड पसरलं. एक घोटही तिच्या पोटात गेला नव्हता. आपा तिथेच पायरीवर बसल्या.

"काय रे, किती फॅट होती?" त्यांनी मला विचारलं.

इतकी लाज मला पुन्हा कधी वाटली नाही, आणि एखाद्या माणसाचा इतका धाकही. दुसऱ्या दिवशी आपांनी गंगाबाईंना स्वतःच्या घरची बादली नेऊन दिली. मला मात्र रांगेच्या तोंडाशी उभं केलं. झाकणं हुंगायला.

शेवटच्या दोन वर्षांत दुखण्यानं त्यांना वास येईनासा झाला होता. मी भेटायला गेलो की दुधाच्या किटलीचं झाकण त्या माझ्यापुढे धरायच्या. "तू पाह्य. मले नाही येत आता."

"चांगलं आहे, आपा."

"पक्कं?"

"पक्कं."

मगच चहा टाकला जायचा. त्या सकाळी चुकलेल्या माझ्यावर त्यांनी एवढा भरवसा कसा टाकला, ते मला आजही कळलेलं नाही.

आपांच्या मातीला जाऊन आलो. दुसऱ्या सकाळी दूध आलं. झाकण उलटं करून नाकाशी नेलं, तर काहीच कळेना. रडून रडून नाक चोंदलं होतं. बायको शेजारी उभी होती. झाकण मी तिच्यापुढे धरलं.

"तू पाह्य," म्हणालो.