शिवदासची ग्रहणातली मिसळ

शिवदास नारकर आणि मी घाटकोपरच्या एकाच इंजिनीअरिंग कॉलेजात एकाच वर्षी शिकवायला लागलो. दोघांचेही बाप गिरणीतले, दोघांची गावं कणकवलीकडची. पुढे मी पीएचडी केली, शोधनिबंध लिहिले, विभागप्रमुख झालो. शिवदासने यातलं काहीच केलं नाही. तरी रिक्षावाला मलाच विचारतो, "तुम्ही नारकर सरांच्या कॉलेजात ना?" माझ्या पोटात दुखतं. दुखतं ते दुखतं, लपवून काय करू?

त्याचं नाव झालं ते सत्यनारायणामुळे. कांजूरमार्गला त्याच्या चाळीत सार्वजनिक पूजा होती आणि रात्रीच्या भजनी मंडळाला यायला उशीर झाला. लोक चुळबुळ करायला लागले, तेव्हा हा उठला. कुणाच्या तरी घरातून कुकर आणवला आणि शिट्टी का होते, कुकर फुटतो कधी, हे मालवणीत सांगत बसला. भजनी आले तर लोक म्हणाले, थांबा जरा. तिथून त्याला पूजेपूजेला बोलावणी सुरू झाली. मी स्टाफरूममध्ये त्याचं नाव 'कुकर सर' पाडलं. पोरांनी ते उचललं, पण प्रेमाने. तिथेही तोच जिंकला.

अलीकडे ग्रहण असलं की तो चाळीजवळच्या मैदानात दुर्बीण लावतो आणि येईल त्याला मिसळ खाऊ घालतो. ग्रहणात खायचं नाही, गरोदर बाईने बाहेर पडायचं नाही, हे सगळं तिथे मुद्दाम मोडतात. मी कधी गेलो नाही. नावडतीचं मीठ अळणी, तशी मला त्याची मिसळ.

यंदा शिमग्याला चंद्र उगवला तोच ग्रहण लागलेला. माझी लेक जान्हवी पहिल्या बाळंतपणासाठी मुलुंडला आमच्याकडे आली होती. सकाळीच माझ्या बायकोने, कुंदाने, पिण्याच्या पाण्यात तुळशीपत्रं टाकली आणि लेकीला उंबरा ओलांडायची बंदी केली.

जान्हवीने मला विचारलं, "बाबा, खरंच बाळाला काही होतं का?"

काही होत नाही. पृथ्वीची सावली पडते, एवढंच. पण मी तसं म्हटलं असतं, तर ती शिवदासच्या मैदानात गेली असती. माझी मुलगी त्याच्या मिसळीच्या रांगेत, हे मला सहन होईना. मी म्हणालो, "आई सांगते ते ऐक."

संध्याकाळी बघतो तर जान्हवी घरात नाही. कुंदा रडायला लागली. मी रिक्षा करून थेट मैदान गाठलं.

शिवदासने मला लांबूनच पाहिलं. "आमचे एचओडी आले," तो माईकवर म्हणाला. "सावलीची कड गोल का, हे आता डॉक्टरसाहेब सांगतील." मी सांगितलं. अगदी बरोबर सांगितलं, कोनांसकट. लोक हळूहळू मिसळीकडे सरकले.

त्याने माझ्या हातात द्रोण दिला. "खा रे श्याम. दिवसभर काय खाल्लं नसशील."

खरंच खाल्लं नव्हतं. कुंदाबरोबर मीही वेध पाळले होते. तो टोमणा मारत नव्हता, याचाच मला जास्त राग आला. "ॲसिडिटी आहे," म्हणत मी द्रोण परत केला.

जान्हवी कडेला खुर्चीवर बसून खात होती. "घरी चल," मी म्हणालो. "बापापेक्षा याचं ऐकलंस?"

"सावली असते हे मला शाळेपासून माहितीये, बाबा," ती म्हणाली. "पण पहिलं बाळ आहे, भीती वाटते ना. म्हणून तुम्हाला विचारलं. तुम्ही 'काही होत नाही' म्हणाला असतात, तर मी आईसाठी घरीच बसले असते."

मी तिच्या शेजारी बसलो.

"काही होत नाही गं बाळाला," मी म्हणालो.

"हो," ती म्हणाली. "काकांनी सांगितलं मघाशी."