एमरिसने जुळवलेली सायकल

डेलिथ आमच्या वेल्समधल्या गावची बसड्रायव्हर, वय सेहेचाळीस. कोळशाच्या जुन्या ढिगाऱ्यामागे आम्ही सायकलच्या उड्यांसाठी मातीचे उंचवटे रचले, तेव्हा हिवाळाभर सगळ्यात जास्त माती तिनेच उपसली. आमच्याकडे ज्याने फावडं धरलं नाही, त्याने उडी मारायची नाही.

तिची नवी सायकल धाकट्या भावाने, एमरिसने, जुळवून दिली होती. त्या सायकलवरून ती रोज आपटायची. उडताना उंच सीट मागून धक्का द्यायची, पुढचा शॉकअप मऊ असल्याने खचायचा, आणि घाबरून पुढचा ब्रेक दाबला की ती तोंडावर.

"ताई, वय झालं आता," एकदा ती अशीच आपटल्यावर एमरिस म्हणाला. "तू आपली चहाचं बघ."

डेलिथचं डोकं सणकलं. तोंडातली माती थुंकून तिने झाडाला टेकवलेली त्याची सायकल ओढली आणि मोठ्या उंचवट्यावरून उडून थेट पलीकडे उतरली.

"तुझी सीट खाली, शॉकअप कडक, पुढे ब्रेकच नाही!" परत येऊन ती कडाडली. "मग माझ्या सायकलला सगळं उलटं कशाला केलंस रे, मेल्या?"

"तू पडू नयेस म्हणून. तुझी सुरक्षित हवी ना."

"सुरक्षित?" तिने आपली सायकल त्याच्या अंगावर ढकलली. "मग घे. मार उडी."

एमरिसने उंचवट्याकडे पाहिलं, सीटकडे पाहिलं, आणि खिशातून पाना काढला.