वेड्यांचा नंबर

आमच्या शाळेच्या शिपायाने एका सुट्टीत जीव दिला. मग जो तो म्हणायला लागला, अरे, एका शब्दाने बोलला असता तर! मला भारी संताप आला. बोलणार कुणाशी होता? त्या रागातूनच आम्ही काही शिक्षकांनी जव्हारला एका खोलीत फोन घेतला. समोरच्याचं नाव विचारायचं नाही, उपदेश करायचा नाही, नुसतं ऐकायचं.

गावोगावच्या एसटीडी बूथवर नंबर चिकटवला. लोकांनी लगेच बारसं केलं, वेड्यांचा नंबर. मोखाड्याच्या एका साहेबांनी तर तुम्ही गोळ्या देता का, असंही विचारलं. म्हटलं, साहेब, आम्ही चहासुद्धा देत नाही.

खोडाळ्याहून एक बाई बाजाराच्या दिवशी फोन करायची. आधी जव्हारची गाडी गेली का विचारायची, मग हळूच म्हणायची, जगावंसं वाटत नाही. पुढच्या बाजाराला फोन करीन, असं कबूल करून ठेवायची. तेवढ्या कबुलीवर ती जगत होती, असं मला वाटायचं. आणि एकाएकी तिचा फोन यायचा थांबला. दोन-तीन बाजार कोरडे गेले.

तिचं नाव ठाऊक नाही, चेहरा पाहिलेला नाही. तरी पुढच्या बाजाराला तडक खोडाळा गाठलं. बूथवर पाहते तर काय, कुणी आमचा नंबर फिरवला की बूथवाला मीटरवरचे लाल आकडे बघून मोठ्यांदा विचारी, वेड्यांचा का? रांग खो खो हसे. इथे कोण बाई फोन करील, कपाळ माझं!

भांडले असते तर त्यांना आणखी एक तमाशा मिळाला असता. म्हणून रांगेत उभी राहिले आणि तोच नंबर फिरवला. त्याने विचारलंच.

"हो, वेड्यांचाच," मी म्हटलं. "मला लागतो."

दार मुद्दाम उघडं ठेवलं. पलीकडे आमचेच एक गुरुजी होते. मी नाटकच करणार होते. पण ते म्हणाले, बोला, ऐकतोय. आणि भलतंच तोंडून निघालं. हे गेल्यापासून मला जेवलीस का म्हणून कुणी विचारत नाही, असं मी म्हणाले आणि भर बाजारात ढसाढसा रडले. रांगेत कुणी हसलं नाही. मान खाली घालून परतीची जीप पकडली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी फोन वाजला. आवाज तिचाच. माझा जीव भांड्यात पडला. पण ती स्वतःचं काहीच बोलेना.

"बाई, मी तुमच्या मागेच उभी होते," ती म्हणाली. "आज जेवलात का?"