आठ तासांची आच

आमच्या तिरुच्चीत बॉयलरच्या नळ्यांचे जोड वेल्ड करणारे पैशाला पासरी आहेत, पण पिच्चैमुत्तूसारखा एकच. जोड झाला की शेजारी प्रत्येकाने आपला नंबर ठोकायचा, ही आमच्याकडची रीत. त्याचा नंबर सतरा. सतरा दिसला की तपासणारा साहेबसुद्धा पुढच्या जोडाकडे वळायचा.

बारा वर्षं चाललेला त्याचाच एक सतरा नंबरचा जोड वीजकेंद्रात फुटला. वाफेत कदिरवेल गेला. हा कदिरवेल पिच्चैमुत्तूचा व्याही, सून वळरमतीचा बाप. त्या दिवसापासून पिच्चैमुत्तूनं सुनेच्या हातचं खाणं सोडलं. ती ताट वाढायची, हा मान खाली घालून उठायचा. कामावरचे लोक तर काय, म्हातारा हात थरथरायला लागल्यावरही हट्टानं जोड करायचा म्हणे. मेले, त्याच्या पायाशी बसायची लायकी नाही एकाची!

फुटलेला तुकडा माझ्या प्रयोगशाळेत आला. मी तो कापला, घासून आरसा केला, आम्ल लावून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. जोड निर्दोष होता. त्याच्या एका बाजूला साधं पोलाद, दुसऱ्या बाजूला क्रोमियम मिसळलेलं. पण साध्या पोलादाच्या बाजूला, जोडाला चिकटून, एक फिकट पट्टा होता. तिथला कार्बन निघून क्रोमियमवाल्या बाजूला गेला होता. खारट सांबारात बटाटा टाकला की मीठ बटाट्यात जातं ना, तसं. पट्टा मऊ पडला आणि तिथंच फाटलं. बारा वर्षांच्या वाफेनं हे वाढलं, पण सुरुवात जुन्या फाइलीत सापडली. जोडानंतर दोन तास आच द्यायची होती. दिली होती आठ तास.

दुसऱ्या दिवशी दुपारी पिच्चैमुत्तू स्वतःच आला. मला तो तंबी, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणायचा.

"तंबी, माझ्या हाताची चूक होती का?"

"नाही अण्णा. जोड चोख आहे."

त्याचे डोळे भरले. मग विचारलं, "मग फुटला कशानं?"

मी कार्बनचं सांगितलं. आचेनं सरकतो, म्हणालो. पुढचं सांगणार नव्हतो, पण तो माणूस चाळीस वर्षं आचेसमोर बसलेला.

"किती तास दिली होती?"

मी समोरची फाइल मिटली. खोटं बोलायला काय झालं होतं मला? अजून स्वतःचा राग येतो.

"आठ," तोच म्हणाला. "मुकादमाशी भांडून मीच घेतले होते. जरा जास्त शेकला तर पक्का होईल, असं वाटलं."

घरी जाऊन त्यानं वळरमतीला सगळं सांगितलं. पुढचं तोच मला नंतर बोलला. तिनं पान मांडून भात वाढला.

"मामा, काळजीपोटीच केलंत ना. जेवा."

तो जेवला. पण तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, हे मला प्रत्येक भेटीत सांगायचा. पोंगलनंतर अंथरुणाला खिळला आणि महिन्याभरात गेला. शेवटचं पाणी वळरमतीनंच पाजलं.