गोविंदरावांचा गोल

ट्रायल उद्यावर आली होती आणि स्क्रिप्टमध्ये अजून एक गोल तसाच होता.

गोल म्हणजे रिकामी जागा. साप चावल्यावर काय करायचं, यावर पथनाट्य लिहायचं काम आम्हा दोघांकडे होतं. मी आरोग्य विभागातला विस्तार अधिकारी, म्हणजे लोकांना आजार-उपचार समजावून सांगणारा. गोविंदराव डोणगावचे शेतकरी आणि गावोगावी सोंगं करणारे कलावंत. पेरणीच्या आत नाटक गावांत पोचायला हवं होतं, कारण शेतात साप पायाखाली येतो तो तेव्हाच. आमच्या टीएचओ मॅडम, म्हणजे तालुक्याच्या आरोग्यप्रमुख, बजावून गेल्या होत्या. ट्रायल जमली नाही तर नाटक रद्द, पुण्याहून आलेलं रेकॉर्डिंग गाडीवरून वाजवायचं.

माझी पद्धत सरळ. सकाळी सातला टेबलाशी बसायचं, मुद्दे काढायचे, रोज दोन सीन. गोविंदराव टेबलाशी बसतच नसत. बीबी गावच्या बाजारात हिंडायचे, लोकांचं बोलणं ऐकायचे आणि लग्नपत्रिकेच्या मागे लिहून आणायचे. जे ऐकू आलं नाही तिथे गोल. ते गोल बघून माझं बीपी वाढायचं. त्यात त्यांचा एक संवाद माझ्या पानभर मजकुराला भारी पडायचा, याचाही मला रागच यायचा.

शेवटचा गोल नेमका मोक्याच्या जागी होता. नवऱ्याला साप चावतो, बायको धावत शेजारी जाते आणि म्हणते... पुढे गोल.

"ते बाई काय म्हणीन, हे अजून मले ऐकू नाही आलं," गोविंदराव म्हणाले. "तुमी भरू नका साहेब."

मी भरला. त्यांना न विचारता. 'धावा हो धावा, यांना साप चावला!' असं टाईप केलं, प्रिंट काढली आणि बायकोचं काम करणाऱ्या आशाताईंच्या हातात दिली. मला फार हलकं वाटलं.

ट्रायल आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात होती. लसीकरणाला आलेल्या बाया समोर बसल्या होत्या. आशाताईंनी माझं वाक्य जोरात म्हटलं आणि बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मॅडमच्या कपाळावर आठ्या आल्या.

"गोल कोनं बुजवला?" गोविंदरावांनी हळूच विचारलं. मला मान वर करवेना.

तेवढ्यात पुढच्या रांगेतली एक म्हातारी बोलली. "अवो, अशा वक्ताले त्या जनावराचं नाव घेते का कोनी? पान लागलं म्हनते बाई."

गोविंदरावांनी खिशातून पत्रिका काढली आणि उभ्या उभ्या गोल भरला. सीन पुन्हा झाला. आशाताई धावत आल्या आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, ह्यायले पान लागलं." कोणी हसलं नाही.

मागे आमचे नवे डॉक्टर उभे होते, पुण्याहून महिन्यापूर्वीच रुजू झालेले. त्यांनी विचारलं, "पान लागलं म्हणजे?" मॅडमनी सांगितलं, साप चावला. डॉक्टर माणूस सरळ.

"मला विड्याचं पान वाटलं," ते म्हणाले. "असा पेशंट आला असता तर मी आधी काय खाल्लं ते विचारत बसलो असतो."

मॅडमनी थोडा विचार केला आणि नाटक पास केलं. पहिला प्रयोग मात्र गावात नाही, स्टाफपुढे करायचा, असं सांगितलं.

पेरणीच्या दिवसांत डॉक्टरांचा फोन आला. एक बाई नवऱ्याला घेऊन 'पान लागलं' म्हणत आली. त्यांनी पेशंटला सरळ आत घेतलं. चौथ्या दिवशी तो आपल्या पायांनी घरी गेला. मला इतका आनंद झाला की मी तसाच डोणगावला जाऊन गोविंदरावांना ही बातमी सांगितली. ते म्हणाले, "मंग आता विंचवाचं लिवू. पन टेबलाशी मी बसत नाही बरं."

रिकामी जागा दिसली की भरायची, ही माझी सवय आता मी सरकारी फॉर्मपुरती ठेवली आहे.