शाळेमागचा मसणवटा

भुताचे किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. शाळेच्या मागच्या भिंतीला मसणवटा लागून असला की ते आपोआप साचतात आणि मधल्या सुट्टीत चहा मिळाला की वाढतात! आमचं तसंच झालं. ही एकाहत्तर-बाहत्तरची गोष्ट. मी कोल्हापूर शहरातली, नोकरी लागली शाहूवाडी तालुक्यात, मलकापूरहून एसटीनं पाऊण तासावरच्या गावात. शाळेत आम्ही चौघं: हेडमास्तर कुंभार गुरुजी, नाईक गुरुजी, मी आणि शिपाई दत्तोबा. गावातलं प्रत्येक भूत दत्तोबाला नावानिशी माहीत!

मसणवटा अगदी लहान. गावातल्या आठ-दहा लिंगायत घरांची माणसं आणि सगळ्यांचीच तान्ही मुलं तिथं पुरायची. बाकीच्यांना ओढ्याकाठी जाळायचे. पहिल्याच दिवशी मी म्हटलं, "जरा बघून येते." दत्तोबा आडवा आला.

"बाई, बाईमाणसानं तिकडं पाऊल टाकायचं न्हाय. गाव खवळंल!"

झालं! नको म्हटलं की मला नेमकं तेच बघायचं असतं. हा स्वभाव आईलाही कधी आवडला नाही.

*

मसणवट्याच्या बाजूला वर्गाला एक खिडकी होती. ती कायम बंद. कुंभार गुरुजी म्हणायचे, "बारा वर्षं उघडली नाही. उघडली की थोबाडीत बसते."

एका उकाड्याच्या दुपारी मी म्हटलं, "गुरुजी, थोबाडीत बसू दे, पण वारा येऊ दे." मी कडी काढली, गुरुजींनी जोर लावला. खिडकी उघडली आणि गुरुजी "मेलो!" म्हणून खाली बसले. गाल टम्म फुगलेला!

खिडकीच्या दाराच्या फटीत गांधीलमाश्यांचं भलंमोठं पोळं होतं. मी ते दाखवलं. गुरुजींनी एका डोळ्यानं पोळ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "माश्या ठेवल्या कुणी तिथं?"

*

शाळा तपासायला दिपोटी साहेब आले. सूट, बूट, जीप. मुलांना अवघड गणितं घालून त्यांनी आम्हाला घाम फोडला. मग सिगरेट ओढायला मागच्या बाजूला गेले आणि भिंत ओलांडून एका उंचवट्यावर ऐसपैस बसले.

दत्तोबा धावत गेला. "सायेब, उठा! खाली ईराप्पा हाईत."

साहेब हसले. "अरे, असतील सहा फूट खाली झोपलेले."

"झोपल्यालं न्हाईत सायेब. लिंगायतांत बसवून पुरत्यात. तुमी त्येंच्या डोसक्यावर बसलाय!"

उरलेली तपासणी जीपमध्ये बसूनच झाली. शेरा मिळाला, 'शाळेची प्रगती उत्तम'. त्यानंतर दत्तोबानं ईराप्पांना आठवणीनं नारळ फोडला.

*

नाईक गुरुजी जोतिबाच्या यात्रेहून परतले ते घाबरूनच. "मला चकवा लागला हो! तिन्हीसांजेला एसटीतून उतरलो, सरळ चालत होतो, तर तीनदा मसणवट्याच्याच भिंतीशी आलो. भिंतीवर एक म्हातारा बसलेला. तिन्ही वेळा तोच! नुसता बघत होता."

आम्ही सगळे गार. नाईक गुरुजी दोन दिवस तापानं पडले. तिसऱ्या दिवशी गावातला बाळू म्हातारा दत्तोबाला शोधत शाळेत आला. तोही तापलेला.

"दत्तोबा, परवा भिंतीवर तंबाखू मळत बसलतो. एक भूत तीनदा म्होरनं गेलं बघ! तोंडाला समदा गुलाल. राम राम घातला तर बोललं बी न्हाय!"

दत्तोबानं दोघांनाही एकमेकांचं काही सांगितलं नाही. दोघांचाही उतारा काढायला मात्र लावला.

*

उताऱ्यावरून आठवलं. दत्तोबा रोज डब्यात सुक्या खोबऱ्याची चटणी आणायचा आणि आम्हा तिघांना वाढायचा. अशी चटणी मी पुन्हा कुठं खाल्ली नाही. वर्षभर खाल्ल्यावर मला प्रश्न पडला, याच्या घरी नारळाचं झाड नाही, मग एवढं खोबरं येतं कुठून?

"मसणवट्याच्या कोपऱ्यावरनं," तो शांतपणे म्हणाला. "लोक भुताला नारळ ठेवत्यात. वाया कशाला घालवायचा?"

कुंभार गुरुजींचा घास हातातच राहिला. "अरे, म्हणजे आमच्या पोटात किती भुतं गेली असतील!"

"एक बी न्हाय," दत्तोबा म्हणाला. "मिरची कोल्हापूरची हाय, गुरुजी. पाट्यावर वाटली की भूत जित्तं ऱ्हातंय व्हय?"

नाईक गुरुजींनी विचार केला आणि आणखी थोडी वाढून घेतली.

*

दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात दत्तोबाची सव्वा वर्षाची मुलगी तापानं गेली. मसणवट्यातच पुरली. पुरुष जाऊन आले, जागा त्यांनाच ठाऊक. बायको सोनाबाई दारातच राहिली. दत्तोबाच्या गोष्टी बंद पडल्या. मला ते फार लागलं.

दोन महिन्यांनी तो एकदम म्हणाला, "मसणवट्यात हडळ आलीया. बाजाराच्या दिशी, भर बाराला. हिरवं लुगडं, पाय उलटं. कुणी तिकडं फिरकू नका!"

गावानं भिंतीकडची पायवाट सोडली. मी मात्र चक्रावले. त्याच्या प्रत्येक भुताला नाव असायचं, घराणं असायचं. या हडळीला काहीच नव्हतं. कुणाची, कधीची, विचारलं की तो खडूचे तुकडे गोळा करायला लागायचा.

पुढच्या बाजाराच्या दिवशी अर्धं गाव मलकापूरला गेलेलं. बाराची घंटा झाली आणि मी भिंत ओलांडली.

हिरवं लुगडं दिसलं. पाठमोरी बसली होती. मी आधी पाय बघितले. सरळ होते, बोटांत जोडवी होती. सोनाबाई! समोर मातीत एक वाटोळा दगड. तिनं वाटीतलं तेल बोटावर घेतलं आणि दगडावर हळूहळू जिरवायला लागली, तान्ह्या मुलाची टाळू भरतात तसं.

तिनं मला बघितलं आणि वाटी पदराखाली लपवली. "बाई, सांगू नका हो. सासू घरात घ्यायची न्हाय. परत कुणी येऊ द्याचं न्हाय मला हितं."

मी मागं फिरले.

पायवाटेवर दत्तोबा खराटा आडवा धरून उभा होता. समोर दोन बायका, डोक्यावर भाजीच्या पाट्या, एसटी गाठायच्या घाईत.

"म्होरं जाऊ नका! आत्ताच बघितलीया म्या!"

"तुझं आपलं कायबी असतंय दत्तोबा! सर बाजूला," म्हणत एकीनं खराटा ढकलला. तेवढ्यात तिला मी दिसले. "व्हय ओ बाई, तुमी शिकल्याली माणसं. तुमीच सांगा, हाय का काय तिथं?"

दत्तोबा माझ्याकडं बघत राहिला.

"हाय," मी म्हटलं. "पाय उलटेच आहेत. लांबच्या वाटेनं जावा."